बाबांनी काढलेली वचनाची चिठ्ठी

*"प्रिय मावशी, सलाम. आमच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपली की पेटीतून नव्या वर्षाचं वचन काढतात. बाबांच्या चिठ्ठीवर यिर्मया ३०:१७ आलं : 'मी तुला आरोग्य देईन, तुझ्या जखमा बऱ्या करीन.' तेव्हा त्यांना पोटाचा कॅन्सर होता. आम्ही सगळे आनंदानं रडलो. पुढे घरी प्रार्थनेला येणाऱ्या काही जणांनी मार्क १६:१८ वाचून त्यांच्यावर हात ठेवले आणि 'बरे झालात असं समजून चाला' म्हणाले. बाबांनी दोन केमो चुकवल्या. ऑगस्टमध्ये ते गेले. दफनविधीनंतर भेटायला आलेली एक बाई आईला म्हणाली, 'विश्वास कमी पडला.'*

*धाकटा भाऊ पुण्यात इंजिनिअर आहे. त्यानं मला दाखवलं की मार्कची ती वचनं सगळ्यात जुन्या प्रतींत नाहीतच. ज्या ओळीवर बाबांना उभं केलं, तीच नंतर घातलेली! प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणाची हकिकत दोन ठिकाणी दोन तऱ्हेची आहे, कुठली पुस्तकं ठेवायची तेही माणसांनीच ठरवलं, असं बरंच तो सांगतो.*

*मी संडे स्कूल घेते. मुलांकडून 'देवाचं वचन खरं आहे' म्हणवून घेताना माझी जीभ अडखळते. शास्त्रावर भरवसा उरला नाही तर मी ख्रिस्ती उरते का? आणि आई विचारते, यंदा चिठ्ठी काढायची का? — एक लेक, नगर जिल्हा"*

प्रिय लेकी,

सलाम. तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून तुला 'तू'च म्हणते. आधी तुझ्या आईचं बघू. तुझा प्रश्न एक वेळ थांबेल, पण ती माउली रोज रात्री ते एक वाक्य उशाशी घेऊन झोपत असणार.

'विश्वास कमी पडला' असं तिला जिनं कुणी सांगितलं, तिनं शास्त्राच्या नावावर शास्त्रात नसलेली गोष्ट सांगितली. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय आईसमोर उघड. दुखणेकऱ्यानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, आणि विश्वासाची प्रार्थना दुखणेकऱ्याला वाचवील, असं तिथं लिहिलंय. हे शेवटचं वाक्य जड आहे, ते मी तुझ्यापासून लपवत नाही. पण नीट बघ, विश्वासानं प्रार्थना करायची आहे ती आलेल्या वडिलांनी. अंथरुणावर पडलेल्याच्या विश्वासाचं वजन कुणी करत नाही.

मग तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट काढ. पौल निरोपाच्या चार ओळी लिहिताना सांगून जातो की त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. हा कोण पौल? ज्याच्या अंगावरचे रुमाल आणि फडकी नेऊन लोक बरे झाले असं प्रेषितांची कृत्ये १९ सांगतं, तोच. त्याच्या सोबतचा माणूस आजारी राहिला, आणि पौलाला तो आजारी ठेवूनच पुढं जावं लागलं. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असा एक शब्दही पौलानं लिहिलेला नाही. तीमथ्याचं पोट वरचेवर बिघडायचं, तर त्याला पौल थोडा द्राक्षारस घेत जा म्हणतो. मी शिकवत असताना कित्येक वर्षं ही वचनं भराभर पुढं ढकलायची, त्यांत शिकवण्यासारखं काय आहे म्हणून. आता वाटतं, ती कुणीतरी तुझ्या आईसाठीच सांभाळून ठेवली.

दोन केमोंचं तू एका ओळीत लिहिलंस. ती ओळ तू आधी खोडलीस, मग वर बारीक अक्षरात पुन्हा लिहिलीस, ते मला दिसलं. त्यानं फरक पडला असता का, हे मी सांगू शकत नाही. तो प्रश्न रात्री उठवत असेल तर ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांनाच एकदा जाऊन विचार, भावाला सोबत ने. पण औषध म्हणजे अविश्वास ही शिकवण खोटी आहे, हे मी ठामपणे सांगते. हिज्कीया राजाला देवानं आणखी १५ वर्षं आयुष्य कबूल केलं, तरी यशयानं त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला सांगितली. ज्याच्या नावावर आपलं तिसरं शुभवर्तमान आहे, त्याला पौल 'प्रिय वैद्य लूक' म्हणतो. तुमच्या पाळकसाहेबांना भेटून घडलं ते सगळं सांग. तक्रार म्हणून नको वाटत असेल तर असू दे. पण ते हात ठेवणारे लोक उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी बसलेले असतील.

आता ती चिठ्ठी.

चिठ्ठ्यांवर माझा राग नाही. माझ्या आईकडे बिस्किटांचा एक चौकोनी डबा होता, त्यात सुरळी केलेली वचनं. परीक्षेला जाताना, प्रवासाला निघताना आम्ही एक एक काढायचो. त्यातून मला कितीतरी वचनं पाठ झाली. पण चिठ्ठीला कात्री लागलेली असते, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

तुझंच पत्र घे. चार पानांचं आहे, वर छापलाय तो त्यातला थोडाच भाग. त्यातली एक ओळ मी कापून घेतली, 'मला आता चर्चचं तोंडही बघावंसं वाटत नाही', आणि ती मंडळीत वाचून दाखवली तर लोक म्हणतील, पोरगी गेली. पण पुढच्याच पानावर तू सांगतेस की मागच्या रविवारी मुलांसाठी जुन्या वर्तमानपत्राचं नोहाचं तारू केलंस, आणि त्यातला जिराफ मावेना म्हणून छपराला भोक पाडलंस. ती कापलेली ओळ तुझीच, खोटी मुळीच नाही. तरी तेवढ्या ओळीवरून तुला ओळखलं म्हणणारा चुकेल.

यिर्मया संदेष्ट्याचा तिसावा अध्याय अख्खा वाच. 'मी तुझ्या जखमा बऱ्या करीन' यातला 'तू' कोण आहे? मूळ हिब्रूत ते 'तू' स्त्रीलिंगी आहे. हे सियोन नगरीला, म्हणजे यरुशलेमला म्हटलंय, जिला लोक 'टाकलेली' म्हणत, जिची विचारपूस करायला कुणी नव्हतं. आणि पाचच वचनं वर त्याच नगरीला सांगितलंय की तुझी जखम बरी होण्यापलीकडची आहे. आपल्या पेटीत ते बारावं वचन कुणी घालत नाही. सतरावं घालतात.

हे शब्द ज्यांच्या कानी पडले ते कोण होते? इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या राजानं यरुशलेमातून कितीतरी लोक धरून नेले. दहा-बारा वर्षांत शहरही गेलं, मंदिर जळालं. एकोणतिसाव्या अध्यायात यिर्मया त्या परमुलखात पडलेल्यांना पत्र लिहितो : तिथंच घरं बांधा, मळे लावा, लेकरांची लग्नं करा, कारण परत यायला सत्तर वर्षं लागतील. सत्तर! ते पत्र वाचणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण तिथंच मातीआड झाले असणार. वचन त्यांना दिलेलं होतं, आणि ते पुरं झालेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यांचा विश्वास कमी पडला असं यिर्मयानं त्यांना कधी म्हटलं नाही.

उलट त्या दिवसांत लवकर बरं होण्याचं आश्वासन देणाराही एक होता. त्याची गोष्ट अठ्ठाविसाव्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा भर मंदिरात म्हणाला, दोन वर्षांत सगळं ठीक होईल, नेलेले परत येतील. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर जू होतं, ते यानं उतरवून मोडलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मया काय म्हणाला माहीत आहे? 'आमेन, परमेश्वर तसंच करो.' त्यालाही तेच हवं होतं गं. आपल्या माणसांचं बरं व्हावं असं कुणाला वाटत नाही? पण पुढं जाऊन त्यानं हनन्याला तोंडावर सांगितलं, देवानं तुला पाठवलेलं नाही, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलंस.

म्हणजे खोट्या भरवशाबद्दल शास्त्रच बोलून ठेवतं. तुमच्या घरात जे झालं ते मला हनन्याच्या बोलण्यासारखं वाटतं. माणसं वाईट नसतील. त्यांना तुमचं दुःख पाहवलं नसेल. तरी ते बोलणं देवाचं नव्हतं.

मग 'मी तुझ्या जखमा बऱ्या करीन' यात तुझ्या बाबांसाठी काहीच नव्हतं का? होतं असं मी मानते. लोक ज्याला टाकून देतात त्याची विचारपूस करणारा देव कसा आहे, हे त्या वचनात आहे, आणि तो देव तुझ्या बाबांचाही होता. त्यांच्या जखमा त्यानं पाहिल्या, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी तो त्या बऱ्या करील, हा माझा विश्वास आहे. पण यंदाच्या ऑगस्टच्या आत ते घरी बरे होतील, असं त्या चिठ्ठीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते आपण लिहिलं. प्रेमानं लिहिलं, पण आपणच.

हे मी वरून बोलत नाही. १९९८ मध्ये माझे यजमान मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेले. दवाखान्यात त्यांच्या खाटेमागं भिंतीवर मी ९१ वं स्तोत्र चिकटवलं होतं. हजार तुझ्या बाजूला पडतील, तरी तुझ्याजवळ काही येणार नाही. ते गेल्यावर आयाबाईनं तो कागद काढून माझ्या हातात दिला, मागं चिकटपट्टी तशीच, तिला भिंतीचा पोपडा लागलेला. त्यानंतर सात महिने मी शास्त्र उघडलं नाही. उपासनेला जायचे, लोकांना दिसायला. गाणं सुरू झालं की ओठ हलवायचे.

माझ्या चुलत सासूबाई जुन्या काळच्या बायबलबाई, गावोगाव पायी फिरून वाचून दाखवणाऱ्या. त्या आल्या, चहा घेतला, एकदाही 'धीर धर' म्हणाल्या नाहीत. पिशवीतून पुस्तक काढलं आणि ८८ वं स्तोत्र वाचलं. ते स्तोत्र तुला माहीत असेल तर माहीत असेल, संडे स्कूलमध्ये कुणी पाठ करून घेत नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता आकांत, आणि संपतं ते 'अंधार' या शब्दावर. पुढं 'तरी मी तुझी स्तुती करीन' वगैरे काही येत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हेपण वचनच आहे, बरं का." आणि उठून गेल्या.

त्या रात्री मी सात महिन्यांनी पुस्तक हातात घेतलं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायाशी आले आणि थबकले. सैतान प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि म्हणतो, उडी टाक, तुझा पाय दगडावर आपटणार नाही असं लिहिलंय. कुठं लिहिलंय? ९१ व्या स्तोत्रात! मी भिंतीवर चिकटवलेल्या. प्रभूनं ते वचन खोटं म्हटलं नाही. पण देवाला हिसका देऊन ते वसूलही केलं नाही. आणि पुढं त्याच्या हातापायांत खिळे ठोकले गेले. माझ्या यजमानांना जे मिळालं नाही, ते त्या घडीला देवाच्या पुत्रालाही मिळालं नव्हतं. हे कळल्यानं दुःख कमी झालं नाही, पण माझ्या हातात पुस्तक राहिलं.

आता भाऊ काय म्हणतो ते. मार्कच्या शेवटाबद्दल तो बरोबर आहे. चौथ्या शतकातल्या दोन मोठ्या ग्रीक प्रती आहेत, सिनाय आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या, आणि त्या दोन्हींत मार्कचं शुभवर्तमान १६:८ ला थांबतं. नंतरच्या बहुतेक प्रतींत पुढची बारा वचनं आहेत. ती फार उशिरा कुणी घुसडली असंही नाही, कारण इरेनियस हा मंडळीचा पुढारी इ.स. १८० च्या सुमारास त्यातलं एक वचन मार्कचं म्हणून देतो. पण बहुतेक अभ्यासक मानतात की ती मार्कच्या हातची नसावीत, आणि मलाही तसंच वाटतं. हे कुणी दडवलेलं नाही. अनेक आधुनिक भाषांतरांत त्या जागी कंस किंवा तळटीप असते. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीच्या गोष्टीचंही तसंच आहे. आपल्याला हे मंडळीत कधी सांगितलं नाही, यात चूक शिकवणाऱ्यांची आहे, आणि त्या शिकवणाऱ्यांत मीही येते.

पण जो तळटीप लिहितो तो पुस्तकाचा वैरी असतो, असं तुझ्या भावाला वाटत असेल तर त्याला छत्तिसावा अध्याय वाचायला दे. पुन्हा यिर्मयाच. यिर्मयाचा लेखनिक बारूख शाईनं गुंडाळीवर सगळी वचनं लिहितो. यहोयाकीम राजा हिवाळ्यात शेगडीपुढं बसलेला आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूनं तेवढा भाग कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. अख्खी गुंडाळी जळते. मग यिर्मया दुसरी सांगतो, बारूख ती लिहितो, आणि शेवटी म्हटलंय की त्यांत तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर घातली. आपलं शास्त्र आकाशातून बांधीव पुस्तक होऊन पडलं, असं शास्त्र स्वतः म्हणतच नाही. ते कापलं गेलं, जाळलं गेलं, माणसाच्या हातानं पुन्हा लिहिलं गेलं, आणि हे सगळं त्यानं उघड सांगितलंय.

१९४७ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत मेंढपाळांना मडक्यांतल्या गुंडाळ्या सापडल्या. यशयाची एक तर जवळजवळ संपूर्ण, सात मीटरांहून लांब. तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा ती सुमारे हजार वर्षं जुनी. ताडून पाहिली तर अक्षरांत, शब्दांत फरक भरपूर निघाले, पण यशया यशयाच निघाला. यिर्मयाचे तुकडेही त्या गुहांत मिळाले आणि त्यांत गंमत अशी की पुस्तकाच्या दोन तऱ्हा होत्या, एक लांब आणि एक आखूड. जुन्या ग्रीक भाषांतरातला यिर्मया आखूड तऱ्हेचा आहे, जवळपास आठव्या हिश्शानं लहान. माझ्या हातात पहिल्यांदा ही माहिती आली तेव्हा मीही हबकले होते. आता तिच्यात मला बारूखची दुसरी गुंडाळी दिसते.

यहूदाच्या मरणाबद्दल मी तुला जोडून-सांधून काही देणार नाही. मत्तय म्हणतो गळफास घेतला, लूक प्रेषितांच्या कृत्यांत म्हणतो पालथा पडून पोट फुटलं. दोन्ही एकत्र बसवणारे पुष्कळ आहेत. मला त्याची गरज वाटली नाही. दोन साक्षीदार दोन तऱ्हेनं सांगतात, आणि दोघांनाही माहीत आहे की त्या माणसानं कुणाला धरून दिलं. पुस्तकं कुणी ठरवली? मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं जी वाचली जात होती त्यांतून हळूहळू ठरली. आजची २७ पुस्तकं नेमकी तेवढीच आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती आलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. माणसांनी ठरवलं हे खरंच आहे. लिहिलंही माणसांनीच. लूक तर पहिल्याच चार ओळींत सांगतो की मी मुळापासून शोध केला आणि मग लिहायला बसलो.

भावाशी भांडू नकोस. बिरुयातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात ताडून बघायचे, आणि त्यांना कृत्यांत मोठ्या मनाचे म्हटलंय. त्याला एवढंच सांग की पुढच्या वेळी घरी आलास की मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत आईला मोठ्यानं वाचून दाखव. सोळा अध्याय, दीड-दोन तासांचं काम. आणि १६:८ लाच थांब. तिथं बाया कबरेपासून थरथरत पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. तुम्ही तिघं ऑगस्टपासून जिथं उभे आहात, त्याच जागी जुना मार्क संपतो.

शास्त्रावर भरवसा उरला नाही तर मी ख्रिस्ती उरते का, असं तू विचारलंस. पंडिता रमाबाईंकडे बघ. आई, वडील, बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, पाठोपाठ भाऊ, १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं. दुसऱ्या वर्षी इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून वाद मांडला. पिता, पुत्र, पवित्र आत्मा या त्रैक्यावर, मंडळीच्या अधिकारावर, मला पटल्याशिवाय मी म्हणणार नाही यावर. अशा शंका काढणाऱ्या बाईनं पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र साध्या मराठीत उतरवलं, जेणेकरून त्यांच्या केडगावच्या 'मुक्ती' आश्रमातल्या कमी शिकलेल्या बायांनाही ते वाचता यावं. ते काम चालू असताना, जुलै १९२१ मध्ये, तिची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. छापून पुरं झालेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. त्या शेवटच्या नऊ महिन्यांत टेबलाशी बसताना त्यांच्या मनात काय असेल, याचा मी फार विचार करते. भरवसा म्हणजे मनात शंका नसणं असतं, तर त्या बाईला ख्रिस्ती म्हणता आलं नसतं.

आणि यिर्मया स्वतः. 'मी तुझ्या जखमा बऱ्या करीन' हे ज्याच्या तोंडून आलं, तोच पंधराव्या अध्यायात देवाला विचारतो, माझी जखम का भरत नाही? तू माझ्याशी आटून जाणाऱ्या ओढ्यासारखा वागणार का? विसाव्यात तर म्हणतो, तू मला फसवलंस आणि मी फसलो. हे वाक्य बाबांच्या मातीनंतर तुझ्या मनात आलं असेल, आणि तू ते पाप म्हणून दाबलं असशील. ते शास्त्रात आहे, लेकी. देवानं ते आपल्या पुस्तकात ठेवून घेतलंय.

मी शास्त्रावर भरवसा ठेवते तो असा. एका ओळीवर नाही, आणि एकही ओळ गाळूनही नाही. प्रभू योहानाच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की तुम्ही शास्त्र शोधता ते माझ्याविषयी साक्ष देतं. साक्ष ऐकायची असते, आणि साक्ष देणाऱ्यांत रडणारे, चिडणारे, भ्यालेलेही आहेत. त्यांच्या बोलण्यातून मला तो दिसतो, म्हणून मी त्यांच्यावर विसंबते. मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठव, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक' असं एका दमात ओरडणारा. प्रभूनं त्याला आधी परीक्षा दे म्हटलं नाही.

संडे स्कूलमध्ये 'देवाचं वचन खरं आहे' असं काही दिवस म्हणवून घेऊ नकोस. मुलं विसरणार नाहीत. त्याऐवजी त्यांना बत्तिसावा अध्याय शिकव. शहराला वेढा पडलाय, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि अशात चुलत भाऊ हनमेल येऊन म्हणतो, माझं अनाथोथचं शेत घे. ते गाव शत्रूच्या घशात जाणार हे यिर्मयाला सगळ्यांत चांगलं ठाऊक. तरी तो सतरा शेकेल रुपं तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत करतो, आणि बारूखला सांगतो, हे मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकलं पाहिजे. कारण या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील. मग तो देवालाच विचारतो, शहर तर चाललंय आणि तू मला शेत घ्यायला लावतोस? पुढं त्याला लोकांनी मिसरात नेलं. त्या शेतात त्यानं नांगर धरल्याचं कुठंही लिहिलेलं नाही.

तू वर्तमानपत्राचं तारू करणारी बाई. कुंभाराकडून एक लहान मडकं आण, मुलांना कागदावर खरेदीखत लिहू दे, सह्या करू दे, शाडूनं तोंड बंद करू दे. शेतकऱ्यांची पोरं आहेत, सातबारा म्हणजे काय ते त्यांना घरून माहीत असेल. ती तुला विचारतील, बाई, मग शेत त्याला मिळालं का? खरं ते सांग.

बाबांची चिठ्ठी फेकू नकोस. तुझ्या शास्त्रात तिसाव्या अध्यायाशी असेल, तिथून काढून बत्तिसाव्यात ठेव. आणि आजपासून यिर्मया सव्विसाव्या अध्यायापासून रोज एक वाच, पंचेचाळिसाव्यापर्यंत. वीस दिवस लागतील. कंटाळा येईल तिथं कंटाळ, राग येईल तिथं समासात लिही. मला पुन्हा पत्र टाकलंस तर आवडेल.

३१ डिसेंबरला आईबरोबर जा. चिठ्ठी काढायची का ते तिलाच पेटीसमोर ठरवू दे. काढली तर घरी येऊन ते वचन ज्या अध्यायात आहे तो अख्खा अध्याय त्याच रात्री तिला मोठ्यानं वाचून दाखव. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही, असं तूच लिहिलंयस.

तुझी,
मावशी